अर्ध्यावर आटवलेलं पाणी

४ मार्च

धाकट्या,

परवा फोनवर तू बराच वेळ बोललास आणि मी हो हो म्हणत राहिलो. खरं सांगतो, त्यातलं निम्मं मला कळलं नाही. सव्वीस वर्षं पंपांच्या घरघरीत काढली. डावा कान कधीच गेलाय आणि उजव्याला आता घाईचं बोलणं सोसत नाही. फोन ठेवल्यावर तुझ्या वहिनीने विचारलं, काय म्हणतात भावजी? मी म्हणालो, मजेत आहे. ती म्हणाली, पाऊण तास नुसतं मजेत आहे? तेव्हा आपलं पत्रच बरं. कागद दोनदा वाचता येतो.

बातमी चांगली आहे. साळुंकीला दिवस गेलेत. दोन महिने होतील. मागच्या वेळी काय झालं, त्याच्या मागच्या वेळी काय झालं, ते तुला ठाऊक आहे, म्हणून अजून कुणाला बोललो नाही. तू घरचा, म्हणून लिहितो. डॉक्टरीणबाईंनी जिने चढू नका असं बजावलंय आणि तिचं घर चौथ्या मजल्यावर. जावई बोटीवर, सहा सहा महिने पाण्यावर. म्हणून बाळंत होईपर्यंत ती इकडेच राहायला येतेय. वहिनीने तिची खोली आत्तापर्यंत तीनदा झाडून काढली.

आता माझं एक काम. पाणीपुरवठ्याच्या आवारात गवत माजलंय. दीड एकर जागा, सगळा उतार विहिरीकडे. दरवर्षी विळा घेऊन मी एकटा कापायचो. यंदा गुडघे बसू देत नाहीत, आणि बसलोच तर उठू देत नाहीत. नुसतं गवत असतं तर चाललं असतं, पण विहिरीच्या कठड्याच्या सांध्यांत झुडपं उगवलीत. त्यांची मुळं दगड ढिले करतात. अख्खं गाव या एका विहिरीवर आहे. एप्रिलात मोठे साहेब पाहणीला येणार आहेत. तुझ्या दुकानात तण मारायचं काही असेल तर पाठव.

बाकी रोजचं चालू आहे. पहाटे पंप लावतो, टाकी भरली की नळाखाली ग्लास धरतो, हात जोडतो, तो ग्लास पितो आणि मगच गावाचा व्हॉल्व्ह उघडतो. साहेब हसतात. म्हणतात, तपासायला प्रयोगशाळा आहे की. असू दे. साळुंकी लहान असताना तिच्यापुढे पाण्याचा ग्लास केला की म्हणायची, तुम्ही आधी. मी घोट घेतल्याशिवाय पीत नसे. तिची सवय सुटली, माझी काही सुटली नाही.

दादा


१५ मार्च

दादा,

तुझं पत्र दुकानात गिऱ्हाइकांसमोर वाचलं आणि डोळे पुसायला मागे गोदामात गेलो. साळुंकीची बातमी मी कुणालाही सांगितलेली नाही. म्हणजे बायकोला सांगितली, पण ती पोटात ठेवेल. तिला म्हणावं, या वेळी काका बाळाचा पाळणा स्वतः घेऊन येणार.

मिरचीची पोती घेऊन जो ट्रकवाला तुमच्याकडून जातो, त्याच्याबरोबर औषध पाठवतोय. मोठ्या पिंपातलं आहे, तेलाच्या रिकाम्या डब्यात भरून दिलंय. डबा धुऊन घेतला होता, काळजी करू नकोस. चिठ्ठी डब्याला बांधलीय. पाठीवरच्या पंपाला दोन झाकणं, जास्त नको. तोंडाला फडकं बांध, नंतर हात साबणाने धू. आठ दिवसांत गवत पिवळं पडेल, पंधरा दिवसांत झोपेल.

गवताशी तुझं भांडण मी लहानपणापासून बघतोय. सातवीतून शाळा सोडून तू मला शिकवलंस. त्या शिक्षणाने तुझे गुडघे वाचले तरी खूप झालं.

सध्या हंगामाची गर्दी आहे, म्हणून एवढंच.

धाकटा


१८ एप्रिल

धाकट्या,

तुझ्या औषधाने कमाल केली. तू दोन झाकणं लिहिली होतीस, मी चार टाकली. आपल्याला एकदाच काय ते पक्कं झालेलं बरं असतं. कठड्याच्या सांध्यांत नळी धरून एकेक झुडूप भिजवलं. आता तिथे काडी नाही. विहीर कशी हजामत केल्यासारखी दिसते. मोठे साहेब आले, आवारभर फिरले आणि म्हणाले, इतकं स्वच्छ केंद्र मी दुसरं पाहिलं नाही. वहीत तसा शेरा लिहिला. मी तो शेरा साळुंकीला वाचून दाखवला. ती म्हणाली, बाबा, तुम्हाला शाळेत कधी शेरा मिळाला नव्हता ना, तो आता मिळाला.

ती आल्यापासून घरात आवाज आहे. तिला साळुंकी उगीच नाही म्हणत आपण. जेवताना बोलते, कपडे वाळत घालताना बोलते, माझ्या डाव्या बाजूने बोलते आणि मग ऐकलं नाही म्हणून रागावते. चौथा महिना लागला. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, सगळं जिथल्या तिथे आहे. वहिनीने त्या दिवशी देवापुढे बराच वेळ डोळे मिटले होते. मीही बसलो होतो. मागायचं काय ते सुचेना, कारण एकच गोष्ट होती आणि ती त्याला माहीत होती.

गवत पुन्हा फुटेल का? फुटत असेल तर अजून एक डबा पाठव. एक मात्र आहे, विहिरीतली बेडकं यंदा ओरडत नाहीत. उन्हाने खाली गेली असतील.

दादा


२९ एप्रिल

दादा,

दुसरा डबा पाठवलाय. शेरा ऐकून बरं वाटलं. कोवळा कोंब दिसला की मार, वाढू देऊ नकोस. चार झाकणं मात्र नको, माल वाया जातो.

साळुंकीला फळं खायला घाला. तिला सांग, मुलगा झाला तर काकासारखा देखणा हवा आणि मुलगी झाली तर कोणासारखीही चालेल, पण बोलणारी हवी.

धाकटा


१७ मे

धाकट्या,

एक गंमत सांगतो.

मधेच दोन दिवस पाऊस झोडपून गेला. आवारातलं पाणी सगळं उताराने धावलं, विहीर चार फूट चढली. त्याच्या आदल्या आठवड्यात मी दुसरा डबा संपवत आणला होता, तेव्हा औषध बहुतेक वाहून गेलं असेल. पुन्हा मारावं लागेल.

तर गंमत अशी. शाळेच्या मागे एक बाई रोपं तयार करून विकते. टोमॅटोची, वांग्याची, फुलझाडांची. जाळीखाली सगळे ट्रे मांडलेले असतात आणि त्यांना ती नळाचंच पाणी घालते. मंगळवारी ती एक ट्रे काखेत मारून पंपघरात आली. रोपांची पानं कडेने पिवळी, मधे पांढरी. ट्रे टेबलावर आपटून म्हणाली, दादा, तुमच्या पाण्यात काहीतरी आहे. मी म्हणालो, ताई, सव्वीस वर्षं हे पाणी मी सोडतोय. ती म्हणाली, मी अठरा वर्षं रोपं लावतेय. दोघंही हटेनात. शेवटी मी नळाखाली ग्लास धरला आणि तिच्यासमोर घटाघटा प्यायलो. वर विचारलं, "रोज पितो. मला काय झालंय?"

ती म्हणाली, "तुम्हाला कुठे पानं फुटतात?"

आमचा मदतनीस इतका हसला की मीही हसलो. पण बाई हसली नाही. बाटली भरून घेऊन गेली. म्हणाली, शेतकी कॉलेजात तपासायला देते. देऊ दे. आमचा महिन्याचा अहवाल स्वच्छ आहे. जंतू नाहीत, गढूळपणा नाही, क्लोरीन बरोबर.

साळुंकीला बाळाची हालचाल कळायला लागली. काल माझा हात धरून पोटावर ठेवला. मला काहीच कळलं नाही, पण हो म्हणालो. मग खरंच कळलं.

दादा


२२ मे

दादा,

घाईत लिहितोय.

हल्ली इकडे पोटाच्या विकारांची साथ आहे, तुमच्याकडेही येईल. साळुंकीला नळाचं पाणी तसंच देऊ नका. उकळून द्या. नुसती वाफ आली की उतरवायचं असं नको, चांगलं आटवा. अर्ध्यावर आणलं तर उत्तम. वहिनींना सांग, नाहीतर तूच लक्ष घाल. यात हयगय नको.

आणि डब्यात औषध उरलं असेल तर फवारू नकोस. कंपनी तो माल परत मागतेय. ट्रकवाल्याबरोबर पाठवून दे. आता गवत विळ्यानेच काढ, किंवा राहू दे.

त्या रोपांच्या बाईचं मनावर घेऊ नकोस. रोपं शंभर कारणांनी जातात.

धाकटा


२० जून

धाकट्या,

तुझ्या पत्राचा आधी राग आला, खोटं कशाला बोलू. माझं पाणी आणि उकळून? वहिनी म्हणाली, भावजी शिकलेले आहेत, काही वाचलं असेल म्हणून लिहिलं, तुमचा मान इथे कुठे आला? ते पटलं. तू एखादी गोष्ट उगीच बजावून लिहिणारा नाहीस.

हे काम मी दुसऱ्या कुणावर टाकलेलं नाही. पंपघरात एक शेगडी आणि मोठं पातेलं आणून ठेवलंय. व्हॉल्व्ह उघडून झाला की नळाचं ताजं पाणी चढवतो. पातेल्याच्या आत मी खिळ्याने एक खूण केलीय, बरोबर निम्म्यावर. पाणी त्या खुणेला आलं की उतरवतो, पांढऱ्या फडक्याने गाळतो आणि निवलं की बाटल्यांत भरून घरी नेतो. एक महिना होत आला, एक दिवस चुकलेला नाही. मधे मला ताप होता तरी जाऊन उकळून आलो. घरात आम्ही दोघं साधंच पितो. आटवलेलं फक्त तिचं.

तिला चव आवडत नाही. म्हणते, बाबा, हे पाणी थकलेलं लागतं. मी म्हणतो, काकाची आज्ञा आहे, पी. पिते बिचारी. उन्हाचे दिवस, सारखी तहान लागते तिला. दिवसाला चार बाटल्या जातात.

डबा ट्रकवाल्याकडे दिला. पोचला का?

गवत पुन्हा कुठेच उगवलेलं नाही. उताराची जमीन अगदी उघडी पडलीय. संध्याकाळी तिथे उभं राहिलं की चुकल्यासारखं वाटतं.

पत्राची वाट बघतो.

दादा


३० जुलै

धाकट्या,

माझ्या पत्राला उत्तर आलं नाही. तू कामात असशील.

साळुंकीला रविवारी सकाळी दुखायला लागलं. सातवा महिना. दवाखान्यात नेलं. मुलगी झाली. दोन दिवस होती. काल दुपारी गेली.

डॉक्टरीणबाईंनी शक्य ते सगळं केलं. लवकर झाली, छाती तयार नव्हती, असं म्हणाल्या. वजनही सातव्याच्या मानाने फार कमी भरलं. का, ते विचारलं तर म्हणाल्या, सांगता येत नाही, आधीची दोन तशी गेलेली, कधी कधी कारण सापडतच नाही.

मला काचेतून बघू दिलं. नखं होती. एवढी एवढी, पण पुरी दहा होती. मी मोजली.

जावयाला बोटीवर निरोप गेलाय, तो पोचायला महिना लागेल. मातीला मी आणि वहिनी होतो. साळुंकीला उठवत नव्हतं.

ती बोलत नाही.

दादा


६ ऑगस्ट

दादा,

काय लिहू? चार कागद फाडले.

मला यायचं आहे आणि माझ्याने येववत नाही. दुकानाचं कारण देणार होतो, ते खोटं आहे. डबा पोचला होता. तुझ्या पत्राला मी मुद्दाम उत्तर दिलं नाही. मला काहीतरी सांगायचं आहे, पण ते भेटीतच सांगेन. आत्ता साळुंकीला सांभाळा.

उकळण्याचं आता थांबवा. तिला दुसरीकडचं पाणी मिळत असेल तर ते द्या.

धाकटा


९ सप्टेंबर

धाकट्या,

रोपांवाली बाई सोमवारी पुन्हा आली. या वेळी ट्रे नव्हता, कागद होता. शेतकी कॉलेजच्या माणसाने आधी तिची बाटली तपासली, मग विश्वास बसेना म्हणून स्वतः येऊन शाळेचा नळ, दवाखान्याचा नळ आणि आमची विहीर असं तीन ठिकाणचं पाणी नेलं होतं. तिन्हीत तणनाशक आहे. विहिरीत सगळ्यात जास्त. पिण्याच्या पाण्यात चालतं त्याच्या कितीतरी पट, असं लिहिलंय. नाव लांबलचक आहे, मी ते अक्षर अक्षर लावून वाचलं.

बाईने मला टोमणा मारला असता तर बरं झालं असतं. ती म्हणाली, दादा, तुम्ही बसा आधी, आणि तिनेच मला ग्लास पुढे केला. मग पाण्याकडे बघून तो परत ठेवला.

मी मदतनिसाला साहेबांना फोन लावायला सांगितलं. मग उठून गावाचा व्हॉल्व्ह बंद केला. सव्वीस वर्षांत दुरुस्तीशिवाय तो कधी बंद केला नव्हता. आता टँकर येतात. बायका कळशा घेऊन रांगेत असतात आणि मी दिसलो की बोलणं थांबवतात.

काल कॉलेजचा माणूस पुन्हा आला होता. तरुण आहे, समजावून सांगणारा. त्याला मी फवारणीचं सगळं सांगितलं. त्याने लिहून घेतलं. म्हणाला, याला वास नाही, रंग नाही, चव फारशी नाही, तुमच्या क्लोरीनने जात नाही आणि तुमच्या महिन्याच्या तपासणीत ते शोधतच नाहीत. जमिनीत महिनोन् महिने राहतं आणि प्रत्येक पावसाबरोबर थोडं थोडं उतरतं. जाता जाता त्याने सहज विचारलं, घरी कुणी उकळून प्यायचं का?

मी म्हणालो, हो. एक जण.

तो म्हणाला, "मग त्यांना जास्त गेलं असणार. उकळल्यावर पाणी उडतं, हे उडत नाही. भांड्यातच राहतं. पाणी अर्धं झालं की हे दुप्पट."

तो कुणाशी बोलतोय ते त्याला माहीत नव्हतं.

मी पातेलं काढून बघितलं. खिळ्याची खूण तशीच आहे.

मी त्याला विचारलं, बाळ त्याने गेलं का? तो घाबरला. म्हणाला, असं एका माणसाबाबतीत कुणीच सांगू शकणार नाही. होऊ शकतं, नसूही शकतं. म्हणजे हे मला जन्मभर कळणार नाही.

तुला एकच विचारायचं आहे. साथ कुठेच आली नाही. तू मला पाणी उकळायला का सांगितलंस?

दादा


१६ सप्टेंबर

दादा,

भेटीत सांगेन म्हणालो होतो. तूच विचारलंस, आता लिहितो.

तुझ्या पहिल्या पत्रात विहिरीचं स्पष्ट लिहिलं होतं. मी ते वाचलं होतं. पिंपावर छापलेला कागद असतो, त्यात विहिरीपासून, ओढ्यापासून किती लांब फवारायचं ते असतं. डब्यावर तो कागद नव्हता, कारण डबा तेलाचा होता. चिठ्ठी मी लिहिली आणि ते वाक्य लिहायचं राहिलं. मुद्दाम नाही. दारात आठ गिऱ्हाइकं होती, ट्रकवाला हॉर्न वाजवत होता. कठडा उंच असतो, काय होतंय, असं मनात आलं असेल. दुसरा डबा भरतानाही तेच.

तुझं मे महिन्यातलं पत्र आलं. रोपं कडेने पिवळी, मधे पांढरी. दादा, हे माझं काम आहे. गिऱ्हाईक असं पान घेऊन आलं की मी न बघता सांगतो काय लागलंय ते. पत्र खाली ठेवायच्या आधी मला कळलं. मी पिंपाकडे गेलो, कागद वाचला आणि तिथेच बसलो.

तेव्हा तुला खरं लिहिलं असतं तर तू त्याच दिवशी व्हॉल्व्ह बंद केला असतास. तू तसाच आहेस. मग चौकशी, मग सुटा माल कुणी दिला, मग माझा परवाना. म्हणून मी असं ठरवलं की गावाचं काय ते पाऊस धुऊन नेईल, निदान आपली पोर वाचवू. उकळून जाईल असं मला वाटलं. हेही पूर्ण खरं नाही. तसं वाटावं अशी माझी इच्छा होती. कुणाला विचारलं असतं तर दोन मिनिटांत कळलं असतं. विचारलं असतं तर का विचारतोस असं कुणी म्हणालं असतं.

जूनमध्ये तुझं खिळ्याच्या खुणेचं पत्र आलं तेव्हा मला पहिल्यांदा शंका आली, की आटवल्यावर ते जातं कुठे? त्या दिवशीसुद्धा तार करता आली असती, फोन करता आला असता, माझ्या पोराला पाठवता आलं असतं. मी पत्राला उत्तर दिलं नाही, एवढंच केलं.

तू मला शिकवलंस आणि मी काय शिकलो ते हे.

तू चौकशीत माझं नाव सांगणार असशील तर सांग. नसशील तर मी काही म्हणणार नाही. साळुंकीला काय सांगायचं ते तू ठरव. मी तुझ्या पायांशी आहे.

धाकटा


१ ऑक्टोबर

धाकट्या,

तुझं पत्र वाचून मी ते देवापाशी ठेवलं. दुसरी जागा सुचली नाही. चार दिवस ते तिथेच होतं. मला वाटत होतं, उत्तर लिहायला बसलो तर हातून काहीतरी वाईट लिहिलं जाईल. मग चौथ्या दिवशी वाटलं, न लिहिणं हे तर तुझ्यासारखंच झालं.

चौकशीत डबा कुठून आला ते विचारलं. मी तुझं नाव सांगितलं आणि डब्याची चिठ्ठी दिली. तिच्यावर दोन झाकणं लिहिलंय आणि मी चार टाकली, तेही सांगितलं. साहेब म्हणाले, भावाचं नाव नसतं घेतलं तरी चाललं असतं. मी म्हणालो, अर्धं सांगितल्याने काय होतं ते माझ्या घरात होऊन गेलंय. तुझ्याकडे कागद येईल. मला कामावरून बाजूला केलंय. पंपघराला कुलूप आहे. सव्वीस वर्षांनी आमच्या आळीत शांतता आहे आणि ती मला ऐकू येते.

आता साळुंकीचं.

जावई आला आहे. चांगला पोरगा आहे, तिच्याजवळ नुसता बसून असतो. परवा मी ओसरीवर होतो, उजवा कान दाराकडे. ती तिच्या आईला सावकाश सांगत होती की तीन झाली, आता पुरे, माझ्याच अंगात काहीतरी खोट आहे, याला दुसरी बघायला सांगा. वहिनी रडत होती. ती रडत नव्हती. हिशेब मिटल्यासारखी बोलत होती.

तोवर मी ठरवलं होतं की तिला काही सांगायचं नाही. गावात सगळ्यांना पाण्याचं कळलंय, तिलाही कळलंय, पण तिला वाटत होतं की आपण तर उकळलेलं प्यायलो, आपल्याला त्याचं काय. माझ्यावर तिचा एवढा भरवसा. मी गप्प बसलो असतो तर मी तिचा बाप राहिलो असतो आणि ती जन्मभर आपल्यातच खोट आहे असं समजत राहिली असती.

मी पातेलं घेऊन आत गेलो. तिच्यासमोर ठेवलं, खूण दाखवली. गवताचं, सांध्यांचं, चार झाकणांचं, सगळं सांगितलं. आटवल्यावर काय होतं ते सांगितलं. डॉक्टरांना नक्की सांगता येत नाही हेही सांगितलं, कारण तेही खरं आहे. म्हणालो, बाळ कशाने गेलं ते देवाला माहीत. पण तुझ्या अंगात खोट आहे असं पुन्हा म्हणू नकोस. खोट माझ्या हातच्या पाण्यात होती.

ती बराच वेळ त्या खुणेवरून बोट फिरवत होती. मग म्हणाली, "उकळायचं कुणी सांगितलं?"

तिला माहीत होतं. दर बाटलीला मी काकाची आज्ञा म्हणायचो. तरी तिने विचारलं. मी म्हणालो, ज्याने सांगितलं, तो का सांगितलं ते स्वतः येऊन सांगेल. माझ्या वाटणीचं मी सांगितलं.

दोन दिवस ती माझ्याशी बोलली नाही. माझ्या समोरून जायची, पण मी तिथे नसल्यासारखी. वहिनी म्हणाली, तुम्ही सांगायला नको होतं. जावई मात्र संध्याकाळी माझ्या शेजारी येऊन बसला.

आज सकाळी मी ओट्यापाशी टँकरचं पाणी गाळत होतो. ती मागे येऊन उभी राहिली. म्हणाली, पाणी द्या. मी ग्लास भरला, तिच्यापुढे केला. तिने घेतला नाही. ती ग्लासकडे बघत होती, माझ्याकडे नाही.

"तुम्ही आधी," म्हणाली.

वीस-पंचवीस वर्षांनी तिच्या तोंडून ते ऐकलं. तो भरवसा होता की तपासणी, ते मला कळलं नाही. मी विचारलंही नाही. प्यायलो. तिने माझ्या हातून ग्लास घेतला, थोडी थांबली आणि उरलेलं प्यायली.

तू माझ्या पायांशी आहेस असं लिहिलंस. मला पायांशी कुणी नको. तू ये. पत्र लिहू नकोस, फोन करू नकोस. तिच्यासमोर बस आणि तुझ्या वाटणीचं सगळं बोल, गिऱ्हाइकांचं, परवान्याचं, जूनच्या पत्राचं. ती काय म्हणेल ते मला ठाऊक नाही. मी काय म्हणेन तेही ठाऊक नाही. माझ्या उजव्या बाजूला बस, म्हणजे मला ऐकू येईल.

उन्हातून येशील. आलास की पाणी देईन. आधी मी पिईन.

दादा